चिठ्ठीचा उजवा कोपरा

पुंडलिकरावांनी मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचता वाचता तुम्हाला तो माणूस आवडायला लागेल आणि माझी बाजू मांडायची राहून जाईल. खामगावात माझं हेच झालं.

तेव्हा मी खामगावच्या एका हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवत होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे शहाणपणाची शेवटची पायरी म्हणजे नागपूर, असं आम्ही सगळे मास्तर लोक धरून चालायचो. खालच्या पायऱ्यांपैकी एक आमच्या गावात होती. कापसाच्या बाजारामागचं सार्वजनिक वाचनालय. कौलारू इमारत, अकरा कपाटं, दोन लांब बाकं आणि खिडकीशी एक टेबल. त्या टेबलामागे पुंडलिकराव बसत. हंगामात शेजारच्या सरकी काढायच्या जिनांतून कापसाचे तंतू उडत येत आणि पुस्तकांवर, बाकांवर, पुंडलिकरावांच्या काळ्या टोपीवर बसत. ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं अकराही कपाटं पुसत. टोपी मात्र तशीच राही. कापूस संपला की हळूहळू ती पुन्हा काळी होई.

माणूस मूळचा सोनाळ्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. उंच, किंचित वाकलेला, हातापायाची हाडं नांगराला शोभतील अशी. कोटाच्या काजाला दोरीनं बांधलेली पेन्सिल लोंबत असे. इंग्रजी वाचता यायचं, बोलायचे मात्र अस्सल वऱ्हाडी. नागपूरहून कुणी साहेब पाहणीला आला तरी त्याला 'तुमाले काय पायजे' असंच विचारायचे, आणि साहेबाला काय पाहिजे ते खरोखर काढून द्यायचे.

आता त्यांची पद्धत. गावातल्या कुणालाही, काहीही अडलं की तो पुंडलिकरावांकडे जाई. ते तोंडी उत्तर कधी देत नसत.

"मी सांगतलं तं ते माह्यं झालं," ते म्हणत. "पुस्तकात असलं तं ते तुमचं. सवाल ठेवून जा, परवा या."

परवा गेलं की तळहाताएवढी एक चिठ्ठी मिळे. वर तुमचा प्रश्न, मध्ये उत्तर, त्याखाली पुस्तकाचं नाव आणि पान. अक्षर असं की चिठ्ठी फाडायचा धीर होऊ नये. आणि खाली उजव्या कोपऱ्यात कपाटाचा नंबर. हा नंबर कधी असायचा, कधी नसायचा. घाईत राहिला असेल, असं आम्ही समजत होतो. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी घाई करताना पाहिलं नाही, त्याच्याबद्दल मी असं समजत होतो. माझ्या अकलेचा हा पहिला नमुना.

नंबर असलेली एक चिठ्ठी माझ्यासमोर दिली गेली होती. संग्रामपूरकडचा एक शेतकरी आला होता. त्याच्या बैलांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि खुरांत जखमा झाल्या होत्या. पुंडलिकरावांनी त्याला परवा या असं म्हटलं नाही. उठले, सात नंबरचं कपाट उघडलं, एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याच्याशेजारी बाकावर बसून वाचून दाखवलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं.

"आता तू सांग मले," ते म्हणाले.

शेतकऱ्यानं सांगितलं. एक गोष्ट चुकली.

"काऊन बे, बैल माहा हाये का तुहा? पुन्हा सांग."

तिसऱ्या खेपेला बरोबर आलं, तेव्हा चिठ्ठी लिहिली. कोपऱ्यात 'कपाट ७'. वर आणखी, पुस्तकात जे नव्हतं त्याबद्दल नागपूरच्या जनावरांच्या डॉक्टरला कार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, ते संग्रामपूरकडे जाणाऱ्या गाडीवानाबरोबर पुढं पाठवलं. मी हे सगळं पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, याला म्हणतात ग्रंथपाल.

नंबर नसलेली चिठ्ठीही मी पाहिली होती, तीसुद्धा भिंतीवर. गावातले एक बडे जमीनदार, आमच्या वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांना आपल्या पणजोबांच्या पणजोबांविषयी काही आधार हवा होता. पुंडलिकरावांनी दिला. सदर पूर्वजानं अमक्या वेढ्यात तीन दिवस एकट्यानं दरवाजा लढवला, अमकी बखर, पान एकशे सतरा. अध्यक्षांनी चिठ्ठीला काच आणि चौकट करून बैठकीत लावली. मी चहाला गेलो असताना ती वाचली. "अहाहा," म्हणालो, "पानासकट आधार." अध्यक्ष प्रसन्न झाले. तीन दिवस एकटा माणूस दरवाजा लढवतो तर तो झोपतो कधी, हे इतिहासाच्या मास्तरच्या डोक्यात आलं नाही.

तर मी. नागपूरच्या एका कॉलेजात इतिहासाच्या लेक्चररची जागा निघाली. अर्जासोबत स्वतः लिहिलेला प्रबंध मागवला होता. मी मूळचा मेहकरचा, लोणार तिथून जवळच. लहानपणी त्या तळ्याच्या काठानं मी भरपूर हिंडलो होतो. तेव्हा 'लोणारच्या खाऱ्या तळ्याचा इतिहास' लिहायला घेतला. आठवणी होत्या, दैत्याची कथा होती, तळ्यातल्या खाराच्या व्यापाराविषयी म्हाताऱ्या लोकांनी सांगितलेलं होतं. नव्हते ते आधार. मी तीन प्रश्न घेऊन पुंडलिकरावांकडे गेलो.

आणि त्यांना सगळं सांगितलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. ही जागा मिळाली तर माझं आयुष्य मार्गी लागेल, बायकोनं आतापासूनच पितळी भांडी पोत्यात भरायला घेतली आहेत, सगळं या प्रबंधावर आहे. ते ऐकत होते. पेन्सिलीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"सवाल ठेवून जा, मास्तर," ते म्हणाले. "परवा या."

तीनदा गेलो, तीन चिठ्ठ्या मिळाल्या. त्यातली तिसरी तर हिरा होती. एका डच व्यापाऱ्यानं लोणारला येऊन तळ्याचं पाणी चाखलं आणि त्याची नोंद आपल्या प्रवासवर्णनात केली, पान दोनशे अकरा. मला हा डच माणूस इतका आवडला की मी त्याच्यावर दीड पान लिहिलं. त्यानं ओंजळ कशी भरली, पाणी तोंडात घेताच चेहरा कसा वाकडा केला, दुभाषा कसा हसला. दुभाषा तर सर्वस्वी माझाच होता.

पुरा झालेला प्रबंध मी पुंडलिकरावांना वाचायला दिला. आठ दिवस ठेवून घेतला. धुतलेल्या फडक्यात बांधून परत केला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"अक्षर चांगलं हाये," ते म्हणाले.

मी हे कौतुक समजलो.

जलंबला गाडी बदलून मी नागपूर गाठलं. मुलाखतीला तीन प्रोफेसर होते. मधल्यांनी, चष्मा कपाळावर चढवलेल्या गृहस्थांनी, माझा प्रबंध खरोखर वाचला होता. असा प्रसंग माझ्यावर पूर्वी कधी आला नव्हता.

"हा डच व्यापारी," ते म्हणाले. "त्यानं चेहरा वाकडा केला हे त्यानं स्वतः लिहिलं आहे?"

"नाही सर. ते माझं अनुमान."

"आणि दुभाषा?"

"तोही अनुमानच, सर."

"बरं. पाणी तरी त्यानंच चाखलं ना? मला ते पुस्तक पाहायचं आहे. विद्यापीठाचं ग्रंथालय जवळच आहे. तुमच्या तीन आधारांपैकी कुठलाही एक चार वाजेपर्यंत घेऊन या. प्रबंध वाईट नाही. एक पुस्तक आणा, बाकीचं आम्ही पाहू."

म्हणजे नोकरी एका पुस्तकापलीकडे उभी होती. मी जवळजवळ धावत गेलो.

तिथे चौकशीच्या टेबलावर एक किरकोळ, करड्या कोटाचे गृहस्थ होते. नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी तिन्ही चिठ्ठ्या समोर ठेवल्या. त्यांनी लाकडी खणांतली कार्डं चाळली. मग उठून कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या ग्रंथालयांच्या छापील याद्या आणल्या. डच माणसाचं नाव निरनिराळ्या प्रकारे लिहून प्रत्येक प्रकारे शोधलं. मधेच मला विचारलं, "पाणी प्यालात का?" दोन तास गेले. माझ्यासाठी एवढी मेहनत माझ्या सासऱ्यांनीही कधी केली नव्हती. शेवटी त्यांनी याद्या मिटल्या.

"नाहीत," ते म्हणाले.

"तुमच्याकडे नसतील. मुंबईला..."

"आमच्याकडे नाहीत असं नाही म्हणत मी. ही पुस्तकं नाहीतच."

त्यांनी एक चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरली.

"सुंदर अक्षर आहे. कपाटाचा नंबर कसा नाही?"

"ते कधी लिहितात, कधी राहून जातो."

"राहून जात नाही हो," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या धंद्यात माणूस मुलांची नावं विसरेल, नंबर विसरणार नाही. त्यानं लिहिला नाही."

चार वाजता मी पुन्हा त्या तिघांसमोर उभा राहिलो. हात मोकळे. पुढचं सांगण्यासारखं नाही. चष्मा खाली उतरला एवढंच सांगतो.

परतीच्या गाडीत अकोल्यापर्यंत मी एक जळजळीत भाषण तयार केलं. अकोल्यानंतर त्यात सुधारणा केल्या. खामगावला उतरल्यावर घरी न जाता पिशवीसकट वाचनालयात शिरलो. पुंडलिकराव फडक्यानं नऊ नंबरचं कपाट पुसत होते. मी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या, आणि भाषण विसरलो.

"हा डच कोण?" एवढंच तोंडातून आलं.

त्यांनी फडकं झटकलं, खुंटीला लावलं, येऊन बसले. चिठ्ठ्या पाहिल्या.

"नाई कोनी," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही मनानं लिहिलंत."

"हाव."

इतकं सरळ 'हाव' मला अपेक्षित नव्हतं. चोर निदान पळतो तरी.

"आणि अध्यक्षांचा पूर्वज?"

"तोयी."

"असं किती लोकांना?"

"ज्याईले नंबर नाई त्याईले." मग म्हणाले, "बसा, मास्तर. उभ्यानं काऊन भांडता."

मी बसलो. माझं हे नेहमीचं आहे, भांडायला गेलो तरी बसा म्हटलं की बसतो.

"मी नवा होतो तवा," ते म्हणाले, "एकाले सांगतलं, तुमच्या घरान्याचा दाखला कोन्या पुस्तकात नाई. तो गेला अध्यक्षाकडं. त्या टायमाले दुसरे अध्यक्ष होते. त्याईनं मले बलावलं, म्हने, लोक इथं नाई आयकाले येते का? पुन्हा असं झालं तं दुसरा मानूस पाहू. तवापासून मी नाई म्हनत नाई. पन बैलाचा सवाल असो, औषधाचा असो, कोर्टाचा असो, त्यात एक अक्षर खोटं लिवलं नाई मी. थांबतो, कार्डं टाकतो, पन खरंच देतो. शोभेचा सवाल असला तं शोभेचं देतो. अन् नंबर घालत नाई. ज्याले खरंच पायजे तो म्हनन ना, कोन्या कपाटात हाये, दाखवा."

"माझा प्रश्न शोभेचा होता?"

त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक नीट रचल्या.

"पुंडलिकराव, माझा प्रबंध शोभेचा होता?"

"तुमी तीनदा आले," ते म्हणाले. "तीनयी डाव चिठ्ठी खिशात घालून गेले. एक डाव तरी म्हनलं का, पुस्तक पाहू द्या? दोनशे अकरा पान हाये का त्याले, एवढं तरी?"

हे खरं होतं. पण खरं होतं म्हणून राग कमी होत नाही, उलट त्याला बसायला जागा मिळते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "सगळं तुम्हाला सांगितलं होतं मी. नोकरी, भांडी, सगळं. तिथं प्रोफेसर बसलेले असणार हे माहीत होतं. तरी दिलंत?"

या ठिकाणी मात्र त्यांनी मान खाली घातली. पेन्सिलीची दोरी बोटाला गुंडाळली. सोडली.

"माहीत होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, तिथंयी कोनी पुस्तक उघडत नसन."

शेजारच्या जिनाचा घरघराट तेवढा येत होता. मग त्यांनी मान वर केली, आणि मी ज्याची कधीच अपेक्षा केली नसती असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. उत्सुकता.

"कोनं उघडलं?"

मी रागारागानं सगळं सांगितलं. कार्डं, याद्या, दोन तास, नंबराबद्दल तो करड्या कोटाचा माणूस काय बोलला ते. ते टेबलावर पुढे झुकून ऐकत होते.

"नावं वेगवेगळी लिवून पाह्यली त्यानं?"

"हो."

"कलकत्त्याची यादी स्वतः काढली?"

"हो."

"अन् मंग तोंडावर सांगतलं, नाई म्हनून." त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. "त्याले कोनी काढून टाकत नसन," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. माझी नागपूरची नोकरी हुकली होती, आणि हा गृहस्थ नागपूरच्या एका अनोळखी माणसाच्या सुखानं गहिवरला होता. मी पिशवी उचलली आणि निघालो.

त्यानंतर मी आणखी एक शहाणपणा केला. अध्यक्षांच्या घरी जाऊन तक्रार केली. पुरावा म्हणून कोपऱ्यातल्या नंबराची सगळी हकिकत सांगितली. सांगत असताना माझी पाठ त्या चौकटीकडे होती. अध्यक्षांची नजर माझ्या खांद्यावरून तिथं गेली आणि कोपऱ्यावर थांबली, हे मला फार उशिरा कळलं.

"मास्तर," ते म्हणाले, "नागपूरला जागा मिळाली नाही म्हणून गरिबाच्या पोटावर उठू नये माणसानं."

बैठकीत चहा आणणाऱ्या गड्यानं ही हकिकत बाहेर नेली असावी; दुसऱ्या दिवशी गावभर हेच झालं. ज्याच्या ज्याच्या घरी चिठ्ठी होती त्यानं कोपरा पाहिला, आणि ज्याचा कोपरा रिकामा निघाला तो माझा वैरी झाला. माझ्याकडून शिकवणी घेणारी दोन घरं तुटली. पुंडलिकरावांना कुणी एक शब्द बोललं नाही. ते पूर्वीसारखे टेबलाशी बसत आणि मी पेपर वाचायला जाई तेव्हा माझ्यासाठी बाकावरचे तंतू झटकून ठेवत. मी त्यांच्याकडे पाठ करून बसे. अशी काही वर्षं गेली. बायकोनं पोत्यातली भांडी एक एक करून बाहेर काढली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते जलंबच्या फलाटावर. ते कामावरून निवृत्त झाले होते. मी अकोल्याला निघालो होतो, ते कुठूनसे परत येऊन खामगावच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते. टोपी पूर्ण काळी होती. कोटाला पेन्सिल मात्र तशीच लोंबत होती. माझ्याकडे पाहून त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो. नेहमीचंच.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक शेतकरी होता. त्यानं त्यांना ओळखलं. कापसाच्या पऱ्हाटीची झाडं उभ्याउभ्या वाळतात, काय करावं, असं विचारलं. पुंडलिकरावांनी त्याला पाच-सहा प्रश्न विचारले, खिशातून कागदाचा तुकडा काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिला. देताना म्हणाले, "वाचनालयात जाय अन् म्हनावं, हे काढून द्या. वाचून घे. मांगच्या पानावर चित्र हाये, तेयी पाह्य." मी वाकून पाहिलं. कोपऱ्यात 'कपाट ४'. निवृत्त होऊनही ती अकरा कपाटं ते बरोबर घेऊन हिंडत होते.

माझी गाडी सिग्नलला आली. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"पुंडलिकराव, तो डच सोडून द्या. तुम्ही आठ दिवस ठेवून वाचला होता. बाकीच्या प्रबंधात काही दम होता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडी उत्तर ते देतच नसत. आणखी एक कागद काढला, गुडघ्यावर ठेवला, सावकाश लिहिला, घडी घातली आणि मी डब्यात चढून गाडी हलल्यावर खिडकीतून माझ्या हातात दिला. मग टोपी सारखी केली आणि मागे झाले. फलाट संपेपर्यंत ते उभे दिसत होते, किंचित वाकलेले, पेन्सिलीची दोरी बोटाला गुंडाळत.

घडी उघडली. अक्षर तेच. वर माझा प्रश्न. खाली उत्तर: 'लोणारविषयी असे लेखन वऱ्हाडात दुसऱ्या कोणी केलेले नाही.' त्याखाली: 'लोणारच्या खाऱ्या तळ्याचा इतिहास, हस्तलिखित, सर्व पाने.'

उजवा कोपरा रिकामा होता. मी मागची बाजूही पाहिली.

घरी आल्यावर ही चिठ्ठी बायकोला दाखवली. ती म्हणाली, "तुमचा प्रबंध आपल्या ट्रंकेत पडलाय. त्याला कपाटाचा नंबर कुठून येणार?"

म्हणणं अगदी रास्त आहे. फक्त हे म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, तुरीची डाळ निवडत होती.